शेळीनं पसंत केलेली जीप

जुनी गाडी बघायला जाताना सर सोबत एक शेळी नेत असत. हे सांगितलं की लोक हसतात आणि मी तिखटमीठ लावतेय असं समजतात. पण त्या शेळीशेजारी मागच्या बाकावर बसून मी स्वतः फिरले आहे, तिनं माझ्या ओढणीचं टोक चघळून ओलं केलेलं आहे. तेव्हा याबाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सर गुरांचे डॉक्टर. वसईजवळ गिरीजला त्यांची वाडी होती, केळी, नारळ, थोडी भाजी. वाडीच्या तोंडाशीच दवाखाना. दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल आणि बाहेर आंब्याखाली जनावर बांधायचे दोन खुंट. मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन, लग्न होऊन साताऱ्याकडून वसईला आले, तेव्हा इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं म्हणून गेले. त्यांनी माझी प्रमाणपत्रं उघडूनही पाहिली नाहीत. म्हणाले, "म्हशीची लाथ खाल्लीय का कधी?"

"खाल्लीय. मांडीवर."

"मग या उद्यापासून."

वसईच्या पश्चिमेला गुरं आता नावालाच उरली होती. दवाखान्यात यायची ती सोसायट्यांमधली कुत्री. सर त्यांना नीट तपासत, मालकांशी गोड बोलत, पण त्यांचं मन तिथं रमत नसे. "कुत्रं आजारी पडलं की घर रडतं," ते म्हणायचे, "बैल आजारी पडला की घर थांबतं." आणि थांबणारी घरं सगळी पूर्वेला होती. हायवे ओलांडायचा, चांदीप मागं टाकायचं, आणि मग डोंगराच्या अंगानं पसरलेले पाडे. डांबर एका ठिकाणी असं संपायचं, जणू करणाऱ्याला जेवायची हाक आली असावी. पुढे मुरूम, मग नुसते धोंडे, मग ओढ्याचं पात्र हाच रस्ता.

त्या रस्त्यांवर सर वर्षानुवर्षं मोटारसायकलनं गेले. पण एका पावसाळ्यात ओढ्यातल्या शेवाळावरून ते गाडीसकट आडवे झाले आणि खांदा निखळला. हात गळ्यात बांधून घरी आले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मोटारसायकलची किल्ली कनवटीला लावली. नवराबायको आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. मला ती शेवटपर्यंत धड कळली नाही. पण त्या दिवशी काकू काय म्हणाल्या ते कळायला बोलीची गरज नव्हती.

चारचाकी घ्यायची ठरली. मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, बाबा, नवीन घ्या. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नवी गाडी घेतली की माणूस रस्त्याला घाबरतो. पहिला ओरखडा उठला की त्याचा जीव रोग्यातून निघून पत्र्यात जातो. आपल्याला अशी गाडी पाहिजे, जिला जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि तरी ती उभी आहे."

मग सुरू झाला शोध. गाडी बघायला जायची त्यांची तयारी एखाद्या अवघड प्रसूतीला निघाल्यासारखी असे. एक बॅटरी, एक छोटी हातोडी, गोणपाट, दवाखान्यातली पत्र्याची बादली आणि शेळी. गोणपाट गाडीखाली झोपायला. बादली पालथी घालून ते गाडीच्या पोटाखालून सरकवत. ती कुठंही न घासता पलीकडे गेली तर गाडी धोंड्यांवरून जाईल, घासली तर परत. काचा आपोआप वरखाली होतात, पडद्यावर नकाशा दिसतो, असं विकणारा कौतुकानं सांगू लागला की सर हळूच विचारत, "आणि हे जंगलात बिघडलं तर कोण दुरुस्त करणार?" चांदीपच्या नाक्यावरच्या गॅरेजात जी गाडी खोलता येणार नाही, ती गाडी त्यांच्या लेखी गाडीच नव्हती.

पहिली जीप पाचूबंदरला बघितली. मासळी वाहायची जीप. मालकीण पन्नाशीची कोळीण. घरात नवा टेम्पो आला होता, म्हणून ही विकायची. गाडीला ताजा निळा रंग दिलेला, समुद्राच्या उन्हात झगझगत होती. बादली आरपार गेली. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात सर गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. हातोडीची टकटक ऐकू आली. मग ते बाहेर आले आणि बोटाला लागलेला तांबूस चुरा त्यांनी चक्क जिभेला लावला.

"अगं बाय! डाक्टर, गाडी घ्यायला आला का चाटायला?" मालकीण ओरडली. मासळीच्या लिलावाकडे निघालेल्या बायकाही थांबून बघायला लागल्या.

"खारट आहे," सर गंभीरपणे म्हणाले.

"मंग काय गोड असनार? रोज मासळीच्या बर्फाचं पानी गळतंय त्यात."

"तेच म्हणतोय मी. वरून निळी आहे, खालून बिस्किट झालंय. धोंड्यावर आपटली की सांगाडा तुटेल."

आता ही बाई आपल्याला जेट्टीवरून ढकलून देणार असं मला वाटलं. पण ती थोडा वेळ सरांकडे बघत राहिली आणि मग घराच्या दिशेनं तोंड करून नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांगत होते मी, रंग लावून काय होनार नाय म्हनून!" तिनं आम्हाला चहा पाजला. निघताना बोंबलांची पिशवी दिली. गाडी न घेताही विकणाऱ्याच्या घरून काहीतरी घेऊन परतायची सरांची हातोटी विलक्षण होती.

दुसरी गाडी स्टेशनजवळच्या एका सोसायटीत होती. उंच, रुबाबदार, चकचकीत. मालक मुंबईला नोकरीला जाणारे, अगदी सभ्य गृहस्थ. सरांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. आत बसून त्यांनी सीटचा पट्टा ओढायला सुरुवात केली. ओढत राहिले, ओढत राहिले, शेवटचं टोक बाहेर आलं तेव्हा त्याच्यावर चिखलाचा वाळका पट्टा दिसला. सगळी गाडी धुतली होती, पण पट्ट्याचं गुंडाळलेलं टोक धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

"तुमच्या पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं?" सरांनी विचारलं.

"कुठलं पाणी?" गृहस्थ म्हणाले.

वरच्या गॅलरीतून त्यांच्या सौभाग्यवतींनी भाबडेपणानं मदत केली, "अहो, ते नाही का, आपल्या मीटरच्या पेट्या बुडाल्या होत्या तेव्हाचं!"

सर हसले नाहीत. त्या गृहस्थांना बाजूला घेऊन म्हणाले, "विका, पण घेणाऱ्याला सांगून विका. तुमची चूक नाही, पाणी काही तुम्ही आणलं नव्हतं."

शेळीची परीक्षा सगळ्यात शेवटी. वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेली गाडी मिळाली की शेळीला मागं उभं करायचं आणि मुद्दाम खराब रस्त्यावर न्यायचं. शेळी उभी राहून रवंथ करत राहिली तर गाडी चांगली. खाली बसून ओरडायला लागली तर वाईट. हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर शेळीनं मालकाची सगळ्यात लाडकी जीप नापास केली, तेव्हा तो चिडून म्हणाला, "साहेब, बकरीला काय कळतं?" सर म्हणाले, "आपण रंग बघतो, ती हाडं बघते." नंतर परतताना मला त्यांनी खरं कारण सांगितलं. आजारी वासरं, पोट फुगलेल्या शेळ्या या गाडीतून आणायच्या होत्या. हादऱ्यांनी अर्धमेलं जनावर पुरतं मरतं. शेळीचा तमाशा वाटत असे, पण त्यात तमाशा काहीच नव्हता.

शेवटी जी जीप मिळाली ती चांदीपच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात उभी होती. वर ताडपत्रीचं छत, रंग कोणता असावा हे सांगणं कठीण. मुलं विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेलेली, भाताची पोती वाहायला आता कुणी नाही. म्हाताऱ्यानं तिची स्तुती केली नाही. म्हणाला, "हॉर्न वाजत नाय. पावसात डाव्या अंगानं पानी येतं. पन मला कदी रस्त्यात सोडून गेली नाय." सरांचा चेहरा बदलला. गाडीखाली शिरून ते बराच वेळ आले नाहीत. मग पुढच्या चाकांनाही ताकद देणारा तो छोटा दांडा टाकून त्यांनी जीप कोरड्या ओढ्यात उतरवली. मी मागं दोन्ही हातांनी लोखंडी कमान धरून बसले होते. माझे दात एकमेकांवर आपटत होते. शेळी मात्र पाय फाकून उभी, डोळे अर्धे मिटलेले, जबडा शांतपणे डावीकडून उजवीकडे.

"पास!" सर आरशातून बघून ओरडले. पहिल्या नंबरानं पोरगं पास झाल्यासारखे ओरडले.

जीप वाडीत आली तेव्हा काकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. दाराशी थांबून आत डोकावल्या. "शेळीला विचारलंत," त्या म्हणाल्या, "मला कधी विचारणार?"

"तू कुठं येणारेस पाड्यावर?"

"बोलावून तर बघा."

आम्ही सगळेच हसलो. काकूही हसल्या.

त्या जीपनं काय केलं नाही! एका पावसाळ्यात आम्ही बैलाला बघायला म्हणून एका पाड्यावर गेलो, तर ज्याचा बैल त्याचीच सून बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. ॲम्ब्युलन्सला फोन गेला होता, पण ती डांबर संपतं तिथं येऊन उभी होती. पुढं येणं तिला शक्यच नव्हतं. सरांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली, "तू थांब रे जरा," म्हणाले, आणि जीपमध्ये गवत पसरलं, त्यावर गोधड्या. मी आणि तिची सासू तिला धरून बसलो. सर माणसाच्या चालीनं जीप चालवत होते. प्रत्येक धोंड्याआधी मोठ्यानं सांगत, "आता डावीकडे कलेल हं. आता सरळ." ओढ्याचं पाणी अर्ध्या चाकापर्यंत होतं. जीप एकदाही अडखळली नाही. ॲम्ब्युलन्समध्ये तिला चढवलं आणि सर चिखलातच खाली बसले. दुसऱ्या दिवशी मुलगी झाल्याचा निरोप आला. त्या पाड्यावर त्या पोरीला कितीतरी दिवस सगळे 'जीपवाली' म्हणत.

असलं काही घडलं की संध्याकाळी सर ओट्यावर बसून काकूंना सगळं सांगत. नुसतं काय झालं तेवढं नाही. रस्त्याला कुठं पळस फुललाय, कुठल्या वळणावरून तानसा नदी कशी दिसते, कुणाच्या अंगणात कोंबड्या झाडावर झोपतात. काकू केळीचे घड उतरवत किंवा शेंगा सोलत ऐकत. मधेच प्रश्न विचारत. त्यांना सगळी माणसं नावानिशी ठाऊक होती. शेवटच्या पाड्यावर एक म्हातारी होती, एकटीच राहायची, चार शेळ्या. ती जूनच्या सुरुवातीला रानातली शेवळांची भाजी काकूंसाठी पाठवायची, सरांच्या हाती, पळसाच्या पानात बांधून. काकू तिला आमच्या वाडीतली सुकेळी पाठवायच्या, उन्हात वाळवलेली, केळीच्या सोपटात गुंडाळलेली. त्यांच्यात निरोपही चालायचे. माझ्या कानांवरून गेलेले ते निरोप अजून आठवतात. म्हातारी सांगायची, शेवळांत आंबट घातलं का नाही, नाहीतर घसा खाजतो. काकू सांगायच्या, गुडघे दुखतात तर एरंडाचं पान बांध, मीही बांधते. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींना अशा ओळखत होत्या. एकदाही भेटल्या नव्हत्या.

"मला तिच्याकडे घेऊन चला," काकू म्हणायच्या.

"नेतो की," सर म्हणायचे.

एका मे महिन्यात काकूंनी ठरवलंच. सकाळी मी वाडीत पोहोचले तर त्या तयार होऊन उभ्या. ठेवणीतली साडी, केसांत अबोली, हातात सुकेळ्यांचं पुडकं. जीप अंगणात सुरू होती. काकूंनी दाराचा दांडा धरला, एक पाय वर उचलला आणि तो आतपर्यंत पोहोचलाच नाही. जीप होतीच तेवढी उंच. बादली खालून जाईल अशी. त्यांनी परत प्रयत्न केला. पाऊल टेकलं, पण गुडघ्यातून अशी कळ गेली की त्यांनी ओठ दातांत धरला.

सर बाजूला उभं राहून सूचना देत होते. "डावा पाय आधी. दांडा वर धर. आता अंग पुढं टाक, जोर लाव." जनावर टेम्पोत चढवताना ते जसं बोलत, अगदी तसंच. त्यात रागाचा लवलेशही नव्हता, उलट खूप माया होती. पण शेजारच्या वाडीतल्या बायका कुंपणापाशी आल्या होत्या, आणि मी काकूंना मागून हात लावू की नको या विचारात घुटमळत होते. काकूंच्या केसांतली अबोली खाली पडली.

"राहू द्या," त्या एकदम हसून म्हणाल्या. "ऊन फार आहे आज. तुम्ही जाऊन या." पुडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "म्हातारीला सांग, पावसाआधी येते म्हणून."

वाटेत सरांनी हायवे ओलांडला. मग म्हणाले, "पायरी बसवून घ्यायला पाहिजे."

पायरी बसवणं सोपं होतं. चांदीपचा गॅरेजवाला हे कितीतरी जीपना करत होता. पण सर ते सर होते. लोखंडी पायरी खाली लोंबणार, म्हणजे पहिल्याच धोंड्याला अडकणार. मग बादली कशी जाणार? त्यांना दुमडणारी पायरी हवी होती. ती शोधायला ते भंगारबाजारात गेले, जुन्या बसच्या पायऱ्या बघितल्या. एकीची स्प्रिंग कमजोर, दुसरी ओझं पेलणार नाही, तिसरी पावसात गंजेल. काकूंनी सुचवलं, आपलं स्वयंपाकघरातलं स्टूल बरोबर घेऊ. सर म्हणाले, स्टूल डुगडुगतं, पडलीस तर? कागदावर त्यांनी पायरीची चित्रं काढली. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, नुसती साधी लावा ना. वाकली तर वाकली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताप न मोजताच इंजेक्शन द्यायला निघाले होते. "करायचं तर नीट करायचं," ते म्हणाले.

पावसाळा आला, शेवटच्या पाड्याचा रस्ता बंद झाला. पाऊस गेला, भातकापणी आली, गुरांना खुरकत आली, सरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. परत उन्हाळा. परत शेवळं आली, परत सुकेळी गेली. प्रत्येक वेळी निरोप तोच. येते म्हणून सांग.

नाताळच्या आधीचे दिवस होते. घरोघरी चांदण्या लागल्या होत्या. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून काकू आल्या, चहाचं आधण ठेवलं, खुर्चीवर बसल्या आणि उठल्याच नाहीत. शेजारणीनं मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा गॅसवरच्या भांड्यातलं पाणी आटून भांडं काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. सर नेमके शेवटच्या पाड्यांकडे गेले होते, तिथं फोनला रेंज नव्हती. माणूस पाठवून निरोप द्यावा लागला. ते दुपारी आले. जीप नेहमीसारखी आली, धुळीनं माखलेली, कुठंही न अडता. त्यांनी ती अंगणात उभी केली आणि इंजिन बंद करायचं विसरूनच आत गेले. मी बाहेर येऊन किल्ली फिरवली.

त्यानंतर सर पूर्वेला जायचे थांबले. कुणी गाडी मागितली तर देत, स्वतः बसत नसत. चांदीपपर्यंतचं काम मी बघू लागले, पण शेवटच्या पाड्यावर जायचं माझ्याकडून झालं नाही. तिथं काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

जूनमध्ये एके सकाळी आम्ही दवाखान्यात होतो, तर फाटकातून एक लहानशी म्हातारी आत आली. डोक्यावर टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं, पायात काही नाही. सरांना बघून तिनं टोपली उतरवली. आधी चालत, मग एसटीनं, मग रिक्षावाल्याला 'गुरांच्या डाक्टरचं घर' एवढंच सांगून ती गिरीजला पोहोचली होती.

"ती येते येते म्हनते," ओट्यावर टेकत ती म्हणाली, "गुडगे दुकतात तिचे. म्हनलं, आपनच जावं. कुठं हाय?"

सर उभेच राहिले. मी म्हातारीला आत नेलं. भिंतीवर काकूंचा फोटो होता, खाली मेणबत्ती, ताजी फुलं. म्हातारीनं फोटो पाहिला. मग खाली बसून फोटोकडे खूप वेळ बघत राहिली. चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती.

ती रडली नाही. उठून टोपली आत घेऊन आली, आणि मला म्हणाली, "इळी दे." काकूंच्या विळीवर बसून तिनं शेवळं साफ केली. खाजरा भाग कसा काढायचा, आंबट किती घालायचं, ते मला दाखवत गेली. काकूंचे डबे उघडून हवं ते हुडकून काढलं. मग तिनं सरांना पानावर बसवलं आणि वाढलं. सर मान खाली घालून जेवले. पानात त्यांनी एक घासही टाकला नाही.

हात धुताना तिला अंगणातली जीप दिसली. तिनं कौतुकानं पाहिलं. मग सरांना विचारलं, "तुजी गाडी तं एवढी मोठी हाय. मंग तिला आनली का नाय?"

ती दोष देत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. सरांनी बोलायला तोंड उघडलं. मला वाटतं, पायरी, धोंडे, स्प्रिंग, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. पण त्यातलं काहीच त्या म्हातारीला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिला एसटीत बसवून आले तेव्हा ते अजून अंगणातच होते, जीपच्या दाराशी, दांड्यावर हात ठेवून.

दिवाळीनंतर त्यांनी जीप विकायची ठरवली. मला वाटलं होतं, मला घे म्हणतील. त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही मागितली नाही. घ्यायला आला तो चांदीपच्या पुढच्याच एका पाड्यावरचा, तिशीचा, बोलका माणूस होता. त्याला पाड्यांवरून माणसं ने-आण करायची होती. बाजाराला, दवाखान्याला, शाळेला. त्यानं बॉनेट उघडलं, टायर दाबून पाहिले. सर शेजारी उभे राहून एकेक दोष स्वतःच सांगत होते. हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. छताची ताडपत्री बदलावी लागेल. ब्रेक लवकर बघून घे. त्या माणसाला प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणायची सवय असावी.

"अजून एक," सर म्हणाले. "हा दोष मोठा आहे. चढायला उंच आहे. ज्याचे गुडघे दुखतात त्या माणसाला हिच्यात बसता येत नाही."

तो हसला. "तो काय दोष झाला, डाक्टर? पायरी मारून घेईन. वाटेत आपला गॅरेजवाला आहे ना, चहा पिऊन होईपर्यंत लावून देईल."

"धोंड्याला अडकेल ती."

"अडकली तर वाकेल. वाकली तर हातोडीनं सरळ करू. त्यात काय?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. केळीची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती. मग सरांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली, पण हात लगेच मागं घेतला नाही.

"आजच लाव," ते म्हणाले. "घरी जायच्या आधी लाव."